बाबांवर दोन पानं लिहायचीत अन् 'कष्टाळू'च्या पुढं गाडी सरकत नाहीये

(पत्र थोडं कापून देतेय, नाव-गाव गाळलंय.)

"मावशी, जयभीम. माझे बाबा मागच्या वर्षी गेले, त्र्याहत्तर वर्षांचे होते. पुढच्या महिन्यात पहिला स्मृतिदिन आहे, विहारात पुण्यानुमोदन ठेवलंय आणि दादाच्या मनात आहे की एक छोटी स्मरणिका छापून सगळ्यांना द्यायची. लिहायचं माझ्यावर आलं कारण मी शाळेत मराठी शिकवते. रोज रात्री लॅपटॉप उघडून बसते आणि 'आमचे बाबा अत्यंत कष्टाळू, प्रेमळ व मनमिळाऊ होते' याच्या पुढं एक ओळ जात नाही.

बाबा १९७० पासून नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये विव्हिंगला, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. २००२ मध्ये मिल बंद झाली तेव्हा मी दहावीत होते, दादा बीकॉमला. मग दोन-तीन हिवाळे त्यांनी कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या सीझनमध्ये काम केलं आणि नंतर रामदासपेठेत एका अपार्टमेंटला रात्रीचे वॉचमन, ते पार २०१९ पर्यंत. रात्रीचा डबा द्यायला दादाच जायचा सायकलनं. आता तोच म्हणतो वॉचमनचं लिहू नको, 'मिलमधून निवृत्त' एवढंच टाक, वहिनीकडची माणसं येणार आहेत. आई काही बोलत नाही.

मला ज्या आठवणी येतात त्या सगळ्या विचित्र. घरात खूप जोरात बोलायचे, माझ्या मैत्रिणी आल्या की मला लाज वाटायची. लग्नात डीजे सुरू असला की मंडपाच्या या टोकावरून त्या टोकाच्या मित्राशी नुसते ओठ आणि हात हलवून बोलायचे आणि दोघं खो खो हसायचे. कूलरसमोर कधीच झोपले नाहीत, गच्चीवर जायचे, आम्हाला वाटायचं वीज वाचवतात. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून, खायचे. हे काय स्मरणिकेत लिहायचं असतं का? शिवाय ते सांगायचे की १४ ऑक्टोबर १९५६ ला ते आजोबांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर होते, ते खरं धरून लिहू का? आणि शेवटचं, जेवणात दादाला पनीर ठेवायचंय, बाबांना सावजी मटणाशिवाय काही गोड लागायचं नाही. काय करू? — इंदोऱ्याची लेक"

जयभीम पोरी.

तुझं पत्र वाचून पहिला विचार हाच आला की ह्या बाईनं अर्धी स्मरणिका लिहून टाकलीये अन् तिलाच खबर नाहीये. ती 'अत्यंत कष्टाळू, प्रेमळ व मनमिळाऊ'वाली ओळ पहिले डिलीट मार. खोटी आहे म्हणून नाही, खरीच असेल, पण ती नागपुरातल्या कोणत्याही चौकातल्या कोणत्याही फ्लेक्सवर फोटो बदलून चालते, अन् तुझे बाबा फोटो बदलून चालणारे नव्हते असं तुझ्या पत्रावरून तरी दिसून राहिलं. ज्या आठवणींना तू विचित्र म्हणतेस नं, त्यातल्या काही तर सरळ सरळ त्यांच्या कामातून आल्यात आणि हे तुला घरात कुणीच सांगितलं नाही याचं मला नवल वाटतं, म्हणून आधी तेच सांगते.

जोरात बोलण्याचं घे. माझं लग्नानंतरचं पहिलं घर मिलवाल्यांच्या वस्तीत होतं, तिथं अर्धी गल्ली अशीच बोलायची, नवी आली तेव्हा मला वाटायचं सगळे भांडूनच राहिले. विव्हिंग खातं म्हणजे काय असतं ते कल्पना कर, एका छताखाली शेकडो लूम म्हणजे माग, प्रत्येक लूमवर तो आडवा धागा नेणारा धोटा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला आपटतोय, मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा, ठाक ठाक ठाक, आणि हे सगळे लूम एकाच वेळी चालू. अशा शेडमधला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी नव्वदच्या वर आवाज नको असं म्हटलंय, आणि हे डेसिबलचं गणित असं आहे की नव्वदवरून शंभर म्हणजे थोडंसं जास्त नाही, आवाजाची ताकद दहापट होते. अशा जागी माणूस बत्तीस वर्षं उभा राहिला तर कान जातातच, आणि जातात ते सुद्धा एकदम नाही, पहिले बारीक पट्टीतले आवाज जातात. स, श, फ असे वर्ण जातात, पाखरं जातात, बायकांचे अन् लेकरांचे आवाज फुसफुस वाटायला लागतात. बोलणारा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. आणि स्वतःचाच आवाज स्वतःला नीट ऐकू आला नाही की माणूस तो वाढवतो, त्याला वाटतं आपण साधंच बोलून राहिलो.

म्हणजे तुझ्या मैत्रिणींसमोर बाबा ओरडत नव्हते गं. तुझ्याशी आणि तुझ्या मैत्रिणींशी बोलायचं म्हणजे नेमका जो आवाज त्यांचा सगळ्यात आधी गेला तोच ऐकायचा होता त्यांना. आता लाज-बिज वाटली होती त्याबद्दल स्वतःला कोसत बसू नको, दहावीतल्या पोरीला कशाचीही लाज वाटते, तो वयाचाच भाग आहे. पण हे लिही. 'बाबा जोरात बोलायचे' हे वाक्य लिही आणि त्याच्या पुढं कारण लिही, बस.

आणि ते लग्नातलं! अगं तो तर खजिना आहे. जिथं कानाशी तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येत नाही तिथं माणसं बोलायची राहतात थोडीच? विव्हिंगवाले एकमेकांचे ओठ वाचतात, वरून हाताच्या खुणा. साहेब येऊन राहिला, धागा तुटला, चहा आला, अमक्याच्या घरी पोरगी झाली, सगळं लूमच्या पलीकडून. इंग्लंडात लँकेशायरच्या कापड गिरण्यांमधल्या बाया पण अशाच बोलायच्या, त्याच्यावर लोकांनी लिहूनही ठेवलंय. आपल्या मिलवाल्यांच्या ह्या बोलीवर कुणी किती लिहिलं मला दिसलं नाही, पण तुझे बाबा अन् त्यांचा मित्र मंडपाच्या दोन टोकांना उभं राहून डीजेच्या नाकावर टिच्चून गप्पा मारायचे, बाकी साडेतीनशे वऱ्हाडी मुके झालेले आणि हे दोघंच काय ते बोलून राहिले अन् हसून राहिले, हे चित्र ज्या स्मरणिकेत असेल ती कुणी रद्दीत टाकणार नाही. तो मित्र आहे का अजून? असेल तर ह्याच रविवारी त्याच्या घरी जा. आणि त्याला म्हण काका, मंडपात तुम्ही नेमकं काय बोलायचे ते सांगा. बहुतेक वऱ्हाडातल्या कुणाची तरी टिंगलच करत असतील, ती छापता येण्यासारखी असली तर छाप.

कूलरचं मी खात्रीनं सांगणार नाही, पण माझा अंदाज ऐक आणि त्या काकांना विचारून घे. सुती धागा कोरड्या हवेत पटकन तुटतो. आपल्या नागपूरची मे महिन्यातली हवा कशी असते हे तुला काय सांगू, पापड वाळवायला बरी, धाग्याला वाईट. म्हणून विव्हिंगच्या शेडमध्ये मुद्दाम ओल ठेवतात, हवेत पाण्याचे फवारे मारतात. बाहेर ४५ ची लू, आत भट्टी नाही पण दमट, अंग चिकचिक, वरून रुईचे तंतू घामाला चिकटणार. असे आठ तास काढून घरी आलेल्या माणसासमोर आपण काय लावतो तर कूलर, म्हणजे परत तीच ओली हवा अन् परत तीच घरघर. मला नाही वाटत ते वीज वाचवत होते. मला वाटतं त्यांना फक्त कोरडी, शांत हवा पाहिजे होती अन् ती गच्चीवर फुकट होती. चुकीचा असेल माझा अंदाज तर सोडून दे, पण विचार.

आता लिहायचं कसं ते. लोकांकडं जाऊन 'बाबांबद्दल काही सांगा नं' असं बिलकुल विचारू नको. असं विचारलं की माणूस सावरून बसतो अन् भाषण देतो, देवमाणूस होता वगैरे, आणि तू परत त्याच ओळीवर येऊन पडतेस. कामाचं विचार. किती लूम सांभाळायचे? पाळी कोणती आवडायची, रात्रपाळीत झोप कशी उडवायचे? इंदोऱ्यावरून पाचपावली, गोळीबार चौक करत सायकलनं जायचे की पायी? सोबत कोण असायचं? भोंगा झाल्यावर किती मिनिटांत गेटच्या आत पाहिजे असायचं? नव्या पोराला काम कसं शिकवायचे, शिव्या घालून का समजावून? डबा कुणासोबत खायचे अन् कुणाच्या डब्यातलं काय पळवायचे? मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून ठेव, सांगून कर, चोरून नको. अशा प्रश्नांना म्हातारी माणसं एवढं भराभर बोलतात की तुला थांबवावं लागेल. आणि लवकर जा. १९७० ला जे वीस वर्षांचे होते ते आज पंचाहत्तरीला आलेत, पुढच्या स्मृतिदिनापर्यंत किती जण भेटतील ते आपल्या हातात नाही. स्मरणिका नाही छापली तर काही बिघडत नाही, ही माणसं न विचारता राहून गेली तर मात्र ते कायमचंच.

एक छोटा परिच्छेद मिलचा पण टाक, तुमच्या घरातल्या लहान पोट्ट्यांसाठी. त्यांना एम्प्रेस म्हटलं की मॉल आठवतो, तिथले फूड कोर्ट अन् सरकता जिना, आणि त्याच जागेवर आपला आजोबा उभा राहायचा हे त्यांच्या डोक्यातही नसतं. जमशेदजी टाटांनी ही मिल काढली ती मुंबईत नाही तर इथं, कारण कापूस इथला, कोळसा वरोऱ्याचा आणि रेल्वे १८६७ लाच नागपुरात येऊन पोचली होती. जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आपल्या आताच्या गांधीसागरजवळची दलदलीची जागा भरून काढली तेव्हा एका सावकारानं पैसे द्यायला नकार दिला होता, म्हणे हा माणूस जमिनीत पैसा पुरून राहिलाय. १ जानेवारी १८७७ ला मिल सुरू झाली, त्याच दिवशी तिकडं दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची एम्प्रेस जाहीर केलं, तिथून हे नाव. १९८६ ला टाटांकडून ती सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेली आणि २००२ ला बंद. म्हणजे तुझ्या बाबांनी सोळा वर्षं एका मालकाकडं काढली आणि सोळा दुसऱ्याकडं, लूम तोच. हे एवढंच लिही, पानभर इतिहास लिहायला जाऊ नको, पोट्टे वाचणार नाहीत. जमलं तर त्यांना मॉलला नेऊन गांधीसागरच्या बाजूनं एक चक्कर मारून आण.

आता दादाचं.

'मिलमधून निवृत्त' हे लिहू नको. एक तर ते खरं नाही, बाबा निवृत्त झाले नव्हते, एक्कावन्नाव्या वर्षी त्यांच्या हातातलं काम गेलं होतं. आणि दुसरं, जरा डोकं चालव, त्या दिवशी विहारात बसलेले अर्धे लोक कोण असतील? मिलवालेच नं. त्यांच्यातले किती जण २००२ नंतर वॉचमन झाले, किती जणांनी ऑटो घेतला, किती जण भाजीच्या ठेल्यावर उभे राहिले हे एकमेकांना माहीत आहे. त्यांच्या हातात तुम्ही 'निवृत्त' छापलेलं पान देणार? वहिनीकडच्या माणसांसाठी? ती माणसं तर जेवून जातील अन् विसरून जातील, हे लोक वाचतील.

पण दादावर चिडू नको. मला त्याच्याबद्दल तुझ्यापेक्षा वेगळं वाटतं. त्याला बाबांच्या वॉचमनकीची लाज वाटते असं तू धरून चाललीयेस. अगं रोज रात्री डबा घेऊन कोण जायचं? तो. बीकॉमचं पोरगं, मिशी नुकती फुटलेली, रामदासपेठेतल्या गेटवर जाऊन बापाला डबा देतंय, अन् त्या बिल्डिंगमध्ये त्याच्याच कॉलेजातलं कुणी राहत नसेल कशावरून? तू घरात होतीस, तू नाही पाहिलं ते. बाबांना गाडीवाल्यासाठी खुर्चीवरून उठताना त्यानं पाहिलंय, कदाचित कुणी 'ए वॉचमन' म्हणतानाही ऐकलंय. त्याला बाबा लपवायचे नसतील, त्याला ते गेट परत पाहायचं नसेल. दोन्हीत फार फरक आहे. म्हणून त्याच्याशी वाद घालू नको, त्याला सांग की रामदासपेठेचं मी लिहूच शकत नाही, मला माहीतच नाही, तूच सांग. डब्यात काय असायचं, बाबा लगेच खायचे का नंतर, तुला थांबवून घ्यायचे का हाकलायचे, परत येताना रस्त्यात काय डोक्यात यायचं. बोलला तर त्याच्याच नावानं छाप. नाही बोलला तर एक साधी ओळ तू टाक, कुठून कुठपर्यंत, कुठल्या भागात, रात्रपाळीचे वॉचमन. ना त्याच्यावर रडगाणं, ना 'कोणतेही काम लहान नसते' टाईपचं सुभाषित. त्याला विशेषणं खोडायचा हक्क दे, वर्षं खोडायचा नको.

मला स्वतःला एक गोष्ट वाचायची फार इच्छा आहे अन् ती कदाचित दादालाच माहीत असेल. ज्या माणसाला ऐकू कमी येतं तो रात्रीची राखण करायचा कशी? बत्तीस वर्षं त्या दणदणाटात आणि मग एकदम रात्री दोन वाजताची रामदासपेठ, सगळं चिडीचूप, आणि गेटचा कडीकोयंडा वाजला तरी ह्यांना ऐकू येणार नाही. मग खुर्ची कुठं टाकायचे? गाडीच्या लाईटवर नजर ठेवायचे का? कुत्र्याशी दोस्ती केली होती का, की त्यानं कान टवकारले की आपण उठायचं? पहाटे पाण्याची मोटार किती वाजता लावायची हे बिना गजर कसं जमायचं? पंधरा-एक वर्षं एका बिल्डिंगनं ह्या माणसाला बदललं नाही म्हणजे काहीतरी युक्ती त्यांनी नक्की काढली होती. तिथला पेपरवाला, दूधवाला, धुणी-भांडी करणाऱ्या ताई, एखादं जुनं बिऱ्हाड, कुणीतरी सांगेल. तिथली जी लेकरं तेव्हा शाळेच्या बसला उभी राहायची ती आता नोकरीला लागली असतील, त्यांना विचार वॉचमनकाका आठवतात का. आणि त्यातल्या दोघा-चौघांना कार्यक्रमाला बोलव, खुशाल बोलव.

कळमन्याचं तू एका ओळीत उरकलंस. तिथं ते नेमके काय करायचे? छाटणी करायचे, म्हणजे लहान-मोठी फळं वेगळी काढायचे, का गाडी खाली करायचे? हिवाळा म्हणतेस म्हणजे आंबिया बहाराचा माल असणार, तो ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उतरतो, मृग बहाराचा येतो फेब्रुवारीनंतर. म्हणजे वर्षातले दोन-तीन महिने काम अन् बाकी काय? त्या मधल्या महिन्यांत घर कशावर चाललं?

आता ह्या प्रश्नावरून मी तुला जरा रागवणार आहे. तुझ्या एवढ्या लांब पत्रात आई एकदाच येते, अन् ती सुद्धा 'काही बोलत नाही' म्हणून. बाप्पा! घरात दहावी अन् बीकॉमची पोरं, नवऱ्याची मिल बंद, अन् तुमची दोघांची फी भरली गेली, तू शिकून मास्तरीण झालीस. हे एकट्या बाबांच्या पगारावर झालं नसणार. ती शिवण करायची का, फॉल-पिको, मेस, काहीतरी असेलच. जोपर्यंत तू तिला बाबांच्या स्मरणिकेसाठी विचारतेस तोपर्यंत ती गप्पच राहणार, तिला वाटतं हा त्यांचा कार्यक्रम आहे, आपलं काय त्यात. लॅपटॉप बाजूला ठेव, तिच्यासोबत मेथी निवडत बस अन् नुसतं विचार की मिल बंद झाली त्या दिवशी संध्याकाळी तू काय रांधलं होतंस. बायकांना ते आठवतं. एकदा स्वयंपाक आठवला की त्या संध्याकाळचं बाकीचंही बाहेर येतं. आणि जे येईल ते बाबांच्या स्मरणिकेत तिच्या नावानं जाऊ दे, संसार दोघांचा होता.

आईचं निघालंच आहे तर कामाची एक गोष्ट, स्मरणिकेपेक्षा महत्त्वाची. बाबांना पीएफवाली पेन्शन, म्हणजे ईपीएस-९५, मिळत होती का? मिलवाल्यांपैकी पुष्कळांना मिळते, थोडीच असते, पण असते. मिळत असेल तर त्यांच्यामागं ती आईला लागू होते, त्यांच्या निम्मी, आणि २०१४ पासून महिन्याला कमीत कमी हजार. वर्ष होत आलं, तुम्ही अर्ज केला का? दुःखात हे पुष्कळ घरी राहून जातं अन् आया मागत नाहीत. जुनी ट्रंक, पत्र्याची पेटी, जे असेल ते उघड, त्यात पीपीओ नावाचा, म्हणजे पेन्शन मंजुरीचा, कागद शोध. तो, मृत्यूचा दाखला, आईचं आधार अन् तिचं बँकेचं पासबुक घेऊन पीएफ ऑफिसला जा. सुरू झाली की दरवर्षी तिच्या हयातीचा दाखला द्यावा लागेल, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही निघतो. ट्रंक उघडशील तेव्हाच मिलचं हजेरी कार्ड, ओळखपत्र, पगाराची पावती असलं काही सापडलं तर त्याचा नीट उजेडात फोटो काढ. स्मरणिकेत देव्हाऱ्यातल्यासारखा हार घातलेला फोटो एकच असू दे, बाकी हे टाक.

दीक्षाभूमीचं लिही. घाबरू नको. तुझ्या हिशोबानं ते तेव्हा पाच वर्षांचे होते, पाच वर्षांच्या लेकराला खांद्यावर बसवून नेणारे बाप त्या दिवशी हजारोंनी असतील, लाखो माणसं आली होती. आणि पाच वर्षांच्या लेकराच्या आठवणीत स्वतःनं पाहिलेलं किती अन् नंतर बापाकडून ऐकलेलं किती हे पुढं त्याचं त्यालाही वेगळं करता येत नाही, त्यात खोटेपणा नसतो. तू फक्त 'बाबा सांगायचे' असं लिही, म्हणजे तुझं वाक्य खरंच राहतं, कारण ते सांगायचे हे तर तू स्वतः ऐकलंयस. त्यात त्यांना काय दिसलं होतं ते टाक, पांढऱ्या कपड्यांची गर्दी म्हणायचे का, बाबासाहेब दिसले म्हणायचे का नुसतीच माणसांची डोकी दिसली म्हणायचे. एखादी आत्या असेल मोठी तर तिला विचार, ती बहुतेक म्हणेल की खांद्यावर तो नव्हता, मी होते. तसं झालं तर तेही छाप, मजा येईल.

खर्रा? एका ओळीत येऊ दे. आईनं किती वेळा पुडी नालीत फेकली तेही. नागपूरचा मिलवाला अन् खर्रा खात नव्हता असं लिहिलंस तर कुणी विश्वास ठेवणार नाही, मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही ठेवणार नाहीत. फक्त कौतुकानं लिहू नको, समोर पोट्टे बसलेले असतील.

छपाईचं म्हणशील तर सोळा पानांच्या भानगडीत पडू नको, एवढ्यात जे जमेल ते आठ पानांत बसव, अक्षर मोठं ठेव, वाचणारे सत्तरीचे आहेत. कार्यक्रमाच्या आधी दहा-बारा दिवस तरी मजकूर प्रेसला दे आणि प्रूफ आईला स्वतः वाचून दाखव, मोठ्यानं. जिथं ती 'नाही गं, असं नव्हतं' म्हणेल तिथं भांडू नको, बदल. जिथं हसेल तिथं हात लावू नको. रेकॉर्डिंगं मात्र सगळी जपून ठेव, फोन बदलला की जातात, दादाला अन् एखाद्या भाच्याला पाठवून ठेव.

राहिलं जेवण. पनीर का सावजी ह्यात मला ओढू नको, विहारात काय चालतं ते तिथल्या मंडळाला विचार आणि घरी काय शिजवायचं ते आईला. दादाला एवढंच सांग की सावजी ठेवलंच तर तिखट कमी करून वहिनीकडच्यांसाठी वेगळं पातेलं काढू नको, मूळ रस्सा बिघडतो, त्यांना वाटल्यास बाजूला दही ठेव.

— मावशी